मुठीतला ळ

अकरा दिवस उघडीच होती फाईल,
फोर्टातल्या एका दुभाष्याची, जुनी खरेदीखतं उतरवणाऱ्याची.
त्याची तक्रार एका ओळीची:
‘क्ष’च्या मध्येच तुमचं यंत्र श्वास घेतं.

घ्यायचंच.
दर काही मिनिटांनी आमचा एडिटर सगळं थांबवायचा,
कर्सरही लुकलुकायचा विसरायचा,
आणि आतली एकेक वस्तू उचलून तो विचारायचा,
तुला कोणी धरलंय का?
जिला कोणीच धरलेलं नाही, ती कचरा.
व्याख्या एवढीच. चांगली का वाईट, जुनी का नवी,
हे विचारायची सोय नाही.

भांडुपला, खाली टायरवाला असलेल्या ऑफिसात,
मी आणि जॅस्विन डिमेलो
ही झाडलोट नव्याने लिहायला बसलो.
आमच्या इमारतीत सुलभाताई जिना झाडतात, तशी:
एक मजला, मग भिंतीला टेकून उभ्या,
माणसं जाऊ देतात, मग पुढचा मजला.
कोणाला कोंडून ठेवत नाहीत.

नव्या वस्तूंना वेगळी खोली केली,
कारण बहुतेक वस्तू जन्मतात
आणि पुढची कळ दाबायच्या आत मरतात.
हे मोठ्याने वाचताना जॅस्विन थांबली.
तिचं ते वर्ष तसं होतं.
मी चहा सांगायला खाली गेले, उगाच.

तपासून झालेल्या काळ्या, न बघितलेल्या पांढऱ्या,
मधल्या करड्या: चेहरा पाहिला,
पण त्यांनी कोणाचा हात धरलाय, ते पाहायचं राहिलं.

थांबणं गेलं. कोसळणं आलं.
सव्वातीनला, जोडाक्षराच्या अर्ध्यात,
एडिटर जागच्या जागी मेला.
जिवंत काहीतरी झाडलं जात होतं.
नऊ रात्री शोधलं. याद्या चोख होत्या.
एकाही यादीत ते नव्हतं.

रविवारी माझगावला तांडेलमामांकडे गेले.
चौतीस वर्षं खेतवाडीच्या छापखान्यात जुळारी.
छापून झालं की आमचं खरं काम, मामा सांगतात:
फर्मा सोडायचा, रॉकेलने धुवायचा,
खिळा न् खिळा आपापल्या खणात परत.
लग्नातून सुटलेला ‘त’ संध्याकाळी
कोणाच्या तरी तेराव्याला हजर.

मी म्हटलं, माझी वस्तू यादीत नाही,
म्हणून झाडली जाते, आणि मग तीच लागते.
मामा सुपारी कातरत होते.
‘खणात नाही, फर्म्यात नाही, म्हणजे हरवला?
अगं, आधी जुळाऱ्याची मूठ बघ.’

सोमवारी बघितली. मुठीतच होती.
एका यादीतून काढलेली ओळ,
दुसरीत अजून न ठेवलेली,
एका फंक्शनच्या तळहातावर, क्षणभर.

आता झाडण्याआधी आम्ही हात तपासतो.
नुसता आकडाही कधी पत्त्यासारखा दिसतो;
नक्की कळत नसेल तर राहू देतो.
थोडा कचरा उरतो त्यामुळे.
नोंदीत जॅस्विनने लिहिलं:
मेमरी चार टक्के जास्त. चालेल.

दुभाष्याने काही कळवलं नाही,
म्हणजे त्याचं नीट चाललं असावं.

छापखाना विकला तेव्हा शिसं किलोवर गेलं.
मामांच्या सुपारीच्या डब्यात एक ‘ळ’ आहे,
बारा पॉइंटाचा, आरशातल्यासारखा उलटा.
‘चोरला नाही,’ ते म्हणाले,
‘त्या दिवशी हातात होता.’
कुठल्या शब्दासाठी उचलला होता,
ते मात्र त्यांना आठवत नाही.
कोणाचं तरी आडनाव असावं.