आठवा

पर्नूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
उर्वे खिडकीकडे पाठ करून बसते.
तिचं काम सांगायला सोपं आहे :
रोज पहाटे तीनला, ऑफिसात चिटपाखरू नसताना,
एक ब्राउझर आपोआप उघडतो,
बोटीच्या वेळापत्रकाचं पान मागतो
आणि ओळी मोजतो.
बेटाच्या फेऱ्या आठवड्याला सात,
म्हणून ओळी सात.
सात भरल्या तर हिरवं, नाहीतर लाल.
काय लिहिलंय ते तो वाचत नाही,
नुसती शिरगणती.

पहिले काही दिवस तो शून्य सांगायचा.
माहिती अजून वाटेत,
आणि हा पाहुणे यायच्या आधीच
पंगत मोजून मोकळा.
तीन सेकंद झोप, असं त्याला सांगता आलं असतं;
पण झोप म्हणजे नुसता अंदाज.
उर्वेनं त्याला थांबायला शिकवलं,
आकडा हलायचा थांबेपर्यंत.

मग तो शहाणा झाला आणि म्हणाला : आठ.

उर्वेनं पडद्यावर बोट ठेवून मोजलं.
सात.
पुन्हा मोजलं, खालून वर.
सात.
राईच्या पावावरचा मासा तसाच राहिला.
शेवटी तिनं पानाचं अस्तर उसवलं,
तेव्हा सातवीच्या खाली ती सापडली.
लपवलेली ओळ.
गुरुवार, पहाटे पाच चाळीस, बेटावरून इकडे.
डोक्यावर तार्वोची टीप :
'काढू नका. एन्डलासाठी आहे. हेल्दुरला विचारा.'
तार्वो दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून
ताम्पेरेला गेलेला.

हेल्दुरनं फोन उचलला तेव्हा मागे इंजिन घरघरत होतं.
'एन्डला? तिचं रक्त धुवायला लागायचं, दर गुरुवारी.
मोठी बोट गुरुवारी नसते.
मी माझ्या छोटीतून आणायचो.
पण डिझेलची चिठ्ठी निघते फेरीच्या नावावर,
आणि फेरी म्हणजे ओळ.
ओळ दिसली तर उन्हाळ्यात पर्यटक येऊन उभे राहणार,
सायकली घेऊन.
मग त्या पोरानं ती ठेवली, आणि झाकली.'

उर्वे जरा थांबली.
विचारू की नको, असं झालं तिला.
'आणि आता?'
'आता ती लेकीकडे असते, तुमच्याच गावात,
दवाखान्याच्या मागच्या गल्लीत.
पत्ते खेळताना लबाडी करते अजून.'
'मग ओळ काढून टाकू?'
इंजिन बंद झालं.
'बेटावर अजून नऊ म्हातारे आहेत,' हेल्दुर म्हणाला,
'त्यात दहावा मी.'

संध्याकाळी तिनं एकाच्या दोन चाचण्या केल्या.
डोळ्यांना दिसणाऱ्या ओळी : सात.
पानात असलेल्या ओळी : आठ.

काउर नवा, जेमतेम चोविशीचा,
दुसऱ्याचं लिखाण तपासताना भुवया जवळ आणणारा.
'ही दुसरी कशाला? सात दिसतात ना, झालं.'
'आठवा.'
'कुठला आठवा? कुणाला दिसतो?'
उर्वे कोटाची बटणं लावत होती.
'उद्या तूच साफसफाई करायला बसशील,
आणि मला घरी झोप लागलेली असेल.
तेव्हा कुणीतरी लाल व्हायला हवं.'
काउरनं डोकं खाजवलं.
मंजुरी दिली, पण खाली एक प्रश्नचिन्ह ठेवलंच.

बंदरात पाणी कडेकडेनं घट्ट होतंय.
जिन्यातला दिवा माणूस नसला की विझतो, तसा विझलेला.
तीन वाजतात.
ब्राउझर उघडतो, पान मागतो, थांबतो.
सात, म्हणतो.
मग झाकलेलं धरून पुन्हा पहिल्यापासून : आठ.
कुणाचं काय, त्याला माहीत नाही.
तो मिटतो.

आज गुरुवार.
पाच चाळीसला अजून
दोन तास चाळीस मिनिटं आहेत.