बांगड्याची पाठ

हाचिनोहेच्या बंदरामागं, बर्फाच्या कारखान्याला लागून
कुदोबाईंची खोली. थंडीतही खिडकी दोन बोटं उघडी,
कारण मार्करमधलं स्पिरिट डोक्यात चढतं.
"झिंगायचं असेल तर खाली गुत्ता आहे," म्हणतात.

टेबलावर चेचलेल्या बर्फात एक बांगडा,
पहाटे पाचच्या बोटीचा.
डबाबंद मासळीवाल्यांना सोमवारी नवं लेबल हवंय.

आधी सगळ्यात फिकट रंग लाव, मिनोरी.
इतका फिकट, की लावलाय की नाही
याची तुझी तुलाच शंका यावी.
कोरडा कागद रंगाशी हुज्जत घालतो.
मग पाठीकडून गडद निळा. त्याची कड ओली असतानाच
मधला निळा तिच्यावर अर्धा चढव,
आणि पुन्हा फिकट घेऊन दोघांच्या मधे शीर,
भांडणात पडणाऱ्या शेजारणीसारखी,
थोडं याचं ऐक, थोडं त्याचं.
सांधा दिसता कामा नये.

माझा सांधा दिसतो.
अकरा कागद झाले, अकराही माशांच्या पाठीवर
कुणीतरी पट्टीनं मारल्याचे वळ.

आणि मासा काही थांबत नाही.
साडेसहाला पाठ मोरपंखी होती,
तिच्यावरच्या नागमोडी रेघांत हिरवं काहीतरी हलत होतं.
आठ वाजता दौतीतली शाई.
साडेनऊला शाळेची पाटी.
"फोटो काढून ठेवू का?"
"ठेव की. तू फोटोचं चित्र काढ.
मी माशाचं काढते."

मांडणीवर तीनशेच्या वर मार्कर.
चंदेरी कुठला, मी विचारलं.
त्यांनी पोटाखाली थंड राखाडी ओढला,
वरून साईसारखा पिवळट,
आणि दोघांच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढी
कागदाची पट्टी तशीच सोडली.
टोपण टक्कन बंद.
पोट लकाकलं.

बाराव्या कागदावर कल्ल्यापाशी निळा रेघेबाहेर गेला.
मी बिनरंगी मार्कर उचलला, बाहेरून आत दाबत आणलं.
डाग हलला, गेला नाही.
कडेला जाऊन साचला, चहाच्या कपाखाली साचतो तसा.
"हा खोडरबर नव्हे," बाई म्हणाल्या,
"हा नुसता ढकलतो. ढकललेलं कुठंतरी राहायला जातंच."
माझ्या हातातून कागद घेतला,
त्या साचलेल्या कडेवर एक करडा फटकारा,
टोकाला हात उचलत उचलत,
आणि तो डाग कल्ल्याची सावली झाला.
माझ्या चुकीची सावली
माझ्यापेक्षा बरी जमली होती.

कागदाखालचा पुठ्ठा सरकवताना पाहिलं:
वर्षानुवर्षं झिरपून उतरलेले रंग,
एकात एक शिरलेले, रेघ एकही नाही.
मासे वर राहिले,
ओल तेवढी खाली आली.
बाईंनी त्यावर लगेच नवा कागद ठेवला.

बारा वाजता त्यांनी आमचा मॉडेल उचलला,
मीठ चोळलं, जाळीवर टाकला.
कातडी तडतडली, फुगली,
सोनेरीतून तपकिरी, तपकिरीतून काळी.
चॉपस्टिकचं टोक तिथं नेऊन थांबल्या.
"दाखव. इथं सांधा कुठंय?"
मी बराच वेळ वाकून शोधत राहिले.
भात निवला.

"खा आता," म्हणाल्या,
"सुकायच्या आत."