मागील सभेचे इतिवृत्त

दाजी पेठेत, बोल्लींच्या बंद पडलेल्या कारखान्यात,
माग होते तिथं आता सतरंजी.
दर शनिवारी दिवेलागणीला आम्ही बोलायला बसतो.
विषय काहीही: पाणी, दर, देव, पोरांची लग्नं.
नोंदवही माझ्याकडे.
सत्तावीस वर्षं जकात नाक्यावर पावत्या फाडल्या,
अक्षर चांगलं, म्हणून.

भिंतीवर हत्तळी मास्तरांनी चिकटवलेले नियम:
मधे बोलू नये.
आवाज चढवू नये.
कुणाच्या जातीवर, धंद्यावर जाऊ नये.
‘बे’ म्हणू नये.

या शेवटच्यानं आमचं निम्मं बोलणंच गेलं.
‘बे’ काढून घेतल्यावर सोलापुरात
मित्राला हाक मारायची कशी?
अंबादास बोल्ली पहिल्या शनिवारी
नुसता खोकत बसला.

त्या दिवशी विषय पाणी.
पाच दिवसांनी येतं, रात्री दोनला,
आणि वरच्या गल्लीत मोटारी लागल्या की
खालचा नळ नुसता फुसफुसतो.
मांडीवरच्या सुपात विडीची पानं कातरता कातरता
नरसव्वा म्हणाली,
‘मोटर लावतंय ते माणूस इथंच बसलंय की.
त्यानंच सांगावं, माझी बारी कवा?’

मास्तरांनी हात वर केला.
पाळी येईपर्यंत थांबले.
मग शांत, अगदी शांत आवाजात:
‘ताई, माणूस हा शब्द पुल्लिंगी.
आपण वाक्य आधी नीट करून आणावं,
मग उत्तराचं बघू.’

एकही नियम मोडला नाही.
ना आवाज, ना जात, ना बे.
सगळे हसले. मीही हसलो,
आणि वहीत लिहिलं:
‘पाणीप्रश्नावर खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली.’
तिनं दोरा गुंडाळला, सूप उचललं,
आणि चपला हातात घेऊन गेली.

पुढच्या शनिवारी मी ते वाचलं.
‘मंजूर?’
हात आपोआप वर जातात, सवयीनं.
दस्तगीर नदाफचा गेला नाही.
जन्मभर मागाचा जॉबर, यंत्रांच्या आवाजात
कान गेलेला, सहसा न बोलणारा.
म्हणाला, ‘नामंजूर.’

‘दुरुस्ती सुचवा. मुद्देसूद,’ मास्तर म्हणाले.

‘चादरीत तार चुकली तर
पुढं विणून झाकत नाही बे मास्तर.
माग थांबवायचा. मागं उकलत जायचं,
चूक घावेपर्यंत.’

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
कुणीतरी नियमाच्या कागदाकडं बघितलं.
अंबादास खोकला नाही, चक्क हसला,
आणि मास्तर उठून गेले.
ते रागावले नाहीत असं लिहिलं असतं,
पण पेन पुढं सरकेना.

घरी येऊन शब्दकोश काढला.
माणूस: पुल्लिंगी. नपुंसकलिंगीही.
तिचं वाक्य बरोबर होतं.
बसलंय. इथंच बसलंय.
मास्तरांकडं मोटार आहे, सगळ्यांना माहीत आहे.
माझ्याकडंही आहे,
अर्ध्या हॉर्सपॉवरची,
गोणपाटाखाली.

जुनी ओळ खोडली नाही.
खाली दुरुस्ती लिहिली, तिचे शब्द जसेच्या तसे,
मग कोण काय म्हणालं, कोण कोण हसलं,
त्यात माझं नाव.
वही घेऊन तिच्या दारात गेलो.
तिच्या लेकीनं मोठ्यानं वाचलं.
ती ऐकत होती, पंचवीस पंचवीसचे कट्टे बांधत,
मोजणी न चुकवता.

संपल्यावर म्हणाली,
‘नरसव्वा कोण? मी नरसम्मा.
इतकी वर्षं हाक मारालाव.’

मी पेन काढलं. व्व खोडून म्मा केला,
जकातीच्या पावतीवर करायचो तसं,
शेजारी सही.
तिनं बघितलं, आणखी एक कट्टा बांधला.
‘आणि मोटर?’

त्याची नोंद अजून व्हायची आहे.