पालकांचं म्हणणं

मंगळवारी सव्वादोनला, शाळेच्या लायब्ररीत
पहिलीच्या पोरांच्या खुर्च्यांवर आम्ही सहा मोठी माणसं
गुडघे वर करून बसलो.
बाहेर पिओरियाचा फेब्रुवारी,
पार्किंगच्या कडेला लोटलेला काळपट बर्फ.

टेबलावर चौदा पानं.
प्रत्येक पानाच्या माथ्यावर तिचं नाव, ऋजुता,
आणि जन्मतारीख,
जणू हरवलीच तर कुणीतरी आणून द्यावी.

मिसेस हॅगनबुश वाचत होत्या :
मे महिन्यापर्यंत, पाचांपैकी चार वेळा,
ऋजुता स्वतःहून मदत मागेल.
पाचांपैकी चार!
मला चाळीस वर्षांत एकदाही जमलं नाही.

गणिताला वेळ दीडपट.
अक्षरं मोठी, पानावर ओळी कमी.
गोंगाट वाढला तर निळं कार्ड दाखवून
कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालून यायची मुभा,
सोबत मिस्टर ओडेल, पण दहा पावलं मागे.
'दहा पावलं' हेही लिहिलं होतं.

इचलकरंजीच्या शाळेत
मधूदादासाठीची योजना एका अक्षराची होती :
ढ.
बाकीची अक्षरं म्हणे दोन हजार वर्षांत बदलत गेली,
हे एकटंच तसंच राहिलं.
हजेरीपटावर कुणी लिहिलं नव्हतं,
तरी अख्ख्या वर्गाला पाठ होतं.
दादा शेवटच्या बाकावर, खिडकीशी.
पलीकडच्या कारखान्यातला खडखडाट ऐकून
कुठला माग आता अडकणार ते आधीच सांगायचा,
आणि तो अडकायचा.
ते कुठल्या पानावर लिहायचं असतं?
सातवीनंतर तो शाळेत गेला नाही.
गुरुजींनी का म्हणून विचारलं नाही, आम्हीही नाही.

नवव्या पानावर तिच्याच शब्दांत,
मिस्टर ओडेलनी उतरवून घेतलेलं :
हीटर सारखा बोलतो. मला लांब बसवा.
नाहीतर त्याला सांगा, बाई शिकवताना गप्प बस.
कुणी हसलं नाही.
मिसेस हॅगनबुशनी 'बसण्याची जागा' या रकान्यात
लिहिलं : हीटरपासून लांब.
मग थोडं थांबून, समासात :
हीटर दाखवून घेणे.

शेवटचं पान. पालकांचं म्हणणं.
तीन रेघा.
पेन माझ्याकडे सरकलं.

पहिल्या रेघेवर लिहिलं :
तिला भेंडी चिरायला आवडते. चकत्या मोजते.
एक कमी भरली तर जेवत नाही.
दुसरीवर : तिच्या मामालाही
यंत्रांचं बोलणं कळायचं.
त्याला आम्ही गप्प बसवलं.
(इंग्रजीत हे वाक्य फार छोटं झालं.)

तिसऱ्या रेघेशी हात थांबला.
सहाजण वाट बघत होते. कुणी घड्याळ पाहिलं नाही.
वरच्या मजल्यावर कुठेतरी
ती निळं कार्ड खिशात ठेवून बसली असेल,
किंवा चालत असेल आत्ता,
मागे दहा पावलं सोडून.

"जागा आहे अजून," मिस्टर ओडेल म्हणाले.
म्हटलं, आहे ना.
मलाही द्या
मे महिन्यापर्यंत.