व्हय, आन्

पहिल्या सोमवारी इर्शाद शिकलगारनं
माझ्या हातात दावं दिलं. नसलेलं.
म्हणाला, "पाव्हणं, जरा धरा ही म्हस,
आलोच तंबाखू मळून."
आणि मी, उद्यमनगरात अकरा वर्षं कास्टिंग तपासणारा,
म्हणालो, "म्हस कुठाय? ही खुर्ची आहे."

खरं होतं ते.
लोखंडी खुर्ची, डाव्या पायाला चिंधी बांधलेली.
सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत
पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.
मगदूमबाई म्हणाल्या, "बरोबर बोललास.
पण म्हस मेली की रे."

माझं काम सांगतो.
खिशात गेज असतो. एका टोकाला गो, दुसऱ्याला नो-गो.
जाऊ नये ते भोकात गेलं की लाल खडू.
दिवसाला तीनशे-साडेतीनशे नग,
आणि घरी आल्यावरही हात थांबत नाही:
बायकोची आमटी, पोराचं चित्र,
मेव्हण्याचा नवा धंदा,
सगळ्यावर एक बारीक लाल रेघ.

खेळात उभा राहिलो की
दहा वाक्यं यायची, दहाही रिजेक्ट.
लोक वाट बघतायत
आणि माझ्या तोंडात भंगाराचा ढीग.

"विनोद करू नकोस," बाई म्हणायच्या,
"मागं लागलास की पळतोय त्यो.
समोरच्यानं काय दिलंय ते बघ,
आणि म्हण, व्हय. आन्..."
मी म्हणायचो, व्हय.
'आन्'च्या पुढं नुसता रंकाळा. पाणीच पाणी.

म्हणून संध्याकाळी गंगावेशीत जाऊन बसायला लागलो,
दूधकट्ट्यावर, जिथं समोर धार काढून ग्लास देतात.
"आज पातळ वाटतंय."
"व्हय, आज उपास हाय तिचा."
"मग फेस कशाचा?"
"साबुदाण्याचा."
दोघांपैकी कुणीही हसलं नाही.
ग्लास विसळला, पुढच्याला दिला.
मी मात्र तोंडाला फेस तसाच ठेवून
चार वाक्यं घोकत घरी आलो.
चारांत एकही 'नाही' नव्हतं.

सहा महिने पडलो.
कधी कुकर होऊन शिट्टी द्यायचीच विसरलो.
एकदा भर खेळात म्हणालो, "तुझं नाव विसरलो गा,"
तर लोक हसले, आणि मला रागच आला,
एवढी घोकलेली वाक्यं सोडून
हे यांना आवडतं?

मग राजारामपुरीत, साठेक माणसांसमोर,
इर्शादनं पुन्हा तेच केलं.
"पाव्हणं, जरा धरा ही म्हस."
डोक्यात काही नव्हतं. खरंच काही नाही.
भीती होती, पण दावं सोडलं नाही.
तळहाताला ओढ लागली. तोंडातून निघालं,
"व्हय, आन् ही तर आमच्या अण्णांची.
माझ्या डिप्लोमाच्या फीला विकलेली."

हे घरात एकवीस वर्षं कुणी काढलं नव्हतं.

इर्शाद मळता मळता थांबला.
हवेतल्या त्या कपाळावर हात ठेवून
हळूच म्हणाला, "तरीच.
धार काढताना इंग्लिशमध्ये हंबरती."

साठ माणसं फुटली. मीही.
खेळात हसायचं नसतं, पण हसलो,
डोळे पुसले, कशासाठी ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी खडू होताच खिशात.
तो पाहिजेच. चुकीचं भोक पुढं गेलं
तर कुणाचा तरी ट्रॅक्टर उसात बंद पडेल.

रात्री गावी फोन लावला.
"अण्णा, ती म्हस आठवते?"
"कुठली?"
आणि मग बराच वेळ काही नाही.
पलीकडं पंखा ऐकू येत होता.
पूर्वी ती जागा मी भरून टाकली असती,
हवापाणी, गुडघे, ऊसबिल.

"शिंग एक वाकडं हुतं तिचं," अण्णा म्हणाले.

मी म्हणालो, व्हय.