बिनवासाचं

डिस्टिलरीत दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर मी,
माझा शर्ट घरात वेगळ्या दोरीवर वाळतो.
जळकी काकवी, आंबलेलं पीठ आणि आणखी काहीतरी,
ज्याला नाव ना मराठीत सापडलं ना कन्नडात.
बसलिंग त्याला 'आपलं अत्तर' म्हणतो.

एक लिटर स्पिरिटमागं बारा लिटर स्पेंट वॉश.
स्पिरिट टँकरनं जातं, सील लावून, पावती फाडून.
वॉश कुठंच जात नाही.
तलावात बसून राहतो, काळा, उन्हात चकाकत.
चतुर त्याच्यावर उतरायला बघतात,
आयत्या वेळी वळतात.

चिकोडीच्या कॉलेजातल्या त्रिशला मगदूम मॅडमनी
दोन कॅन मागितले. म्हणाल्या, विकत घेते.
विकत! बसलिंगला हसू आवरेना.
एक्सेलच्या पुढ्यात बांधून मी ते नेले.
अंकली रस्त्यावर पोलिसानं झाकण उघडलं,
लगेच लावलं. होगू, म्हणाला, होगू.

गच्चीवर बाटल्या मांडलेल्या.
वॉश वीसपट पाण्यात विरवला, काकवीचा कोरा चहा झाला.
शेवाळ त्यांच्या आजोळचं, सदलग्याचं,
म्हशीच्या डोणीतून चमच्यानं खरवडलेलं.
एकटं असताना डोळ्याला दिसत नाही,
जमलं की हिरवं.
शिपाई त्याला पाची म्हणतो, मी शेवाळ.
ते दोघांनाही ओ देत नाही,
उजेड पडला की कामाला लागतं.

आधी त्याला पोटभर खाऊ घातलं.
मग गंधक तोडलं. बूच घट्ट. वारा बंद.
मी म्हटलं, मॅडम, हा छळ झाला.
हो, म्हणाल्या, उपाशी राहिल्यावरच ते हायड्रोजन सोडतं,
सुखात असताना नुसता ऑक्सिजन.
मला का कोण जाणे राग आला.
थोडा वेळ टिकला.

चौथ्या दिवशी बुडबुडे,
टाचणीच्या डोक्याएवढे, काचेला चिकटलेले,
एखादा निसटून वर.
रात्रभरात उलट्या नळीत जमले
तेवीस मिली.
बसलिंगनं फोनवर विचारलं, गाडी चालंल काय?
गाडीचा हॉर्नबी वाजायचा न्हाई, मी सांगितलं.

मॅडमनी त्यातलं थोडं कोरड्या नळीत घेतलं,
तोंडाशी काडी धरली.
चुटकी वाजावी एवढा आवाज. ज्योत दिसलीच नाही.
संपलं? मी विचारलं.
बघा की, म्हणाल्या.
काचेला आतून धुकं धरलं होतं,
जळून झालेलं पाणी,
थेंबसुद्धा नव्हे, थेंबाची नुसती तयारी.

बोट घालून पुसलं. नाकाशी नेलं.
परत नेलं.
अकरा वर्षं झाली मला या कामात.
मॅडम वहीत आकडा लिहीत होत्या,
मी ते बोट वाळेपर्यंत
तसंच हवेत धरून उभा राहिलो,
आणि खाली गेटपाशी, जिथं माझी एक्सेल उभी होती,
कुणीतरी वॉचमनला विचारत होतं,
कसला रे हा वास?