उजवं-डावं

हॉल्व्हर गेला आणि गॅरेजमध्ये दोन राहिल्या.
एक काळी. एक लालसर, टेबलक्लॉथवर वाळलेल्या वाइनसारखी.
मुलगी फोनवर म्हणाली, दोन्ही वीक.
बर्निस चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता म्हणाली, एक ठेव.
कुठली, ते बोलली नाही.
बर्निस नेहमीच हातचं राखून बोलते.

काळी उभ्या जागी थरथरते.
तिच्या आरशात आमच्या गावचं धान्याचं कोठार
दोन दिसतं, कधी अडीच.
ठेका असा, की एक ठोका गिळायचा
आणि पुढचा वेळेआधी टाकायचा.
तो ऐकायला हॉल्व्हर दिवा हिरवा झाला तरी थांबून राही.
गावात दिवा एकच,
मागे हॉर्न वाजवायला सहसा कुणी नसायचं.

लालसर बोलत नाही.
सत्तर मैलांच्या वेगात, बॅडलँड्सच्या बाजूने अंगावर येणारा वारा
ती काच वर करून दुसरीकडे पाठवते.
बटण दाबलं की सीट गरम.
फक्त ऑगस्टमध्ये, जत्रेच्या गर्दीत रांगेत उभं राहिलं,
की मागचं सिलिंडर उजवी मांडी शेकून काढतं.
तो म्हणायचा, अगं, हिच्यात दोष नाही हाच दोष आहे.
मी मांडी दाखवायचे.

कागदावर काळी आठशे वीस पौंड.
लालसर आठशे ऐंशी.
मी एकशे अठ्ठावीस, बूट धरून.

एप्रिलमधल्या एका सकाळी वारा पडला होता
(दक्षिण डकोटात ही बातमी असते),
मी दोन्ही बाहेर काढल्या,
गवतावर जुन्या रजया अंथरल्या
आणि दोन्ही पाडल्या.

जी उचलता येईल ती माझी.
एवढं सोपं केलं होतं मी.
रीत त्यानेच शिकवलेली, तेव्हा मी चाळिशीची.
तोंड करून हातांनी ओढायचं नाही, कंबर जाते.
उजवीकडे पडली असेल तर आधी स्टँड काढून ठेवायचा,
नाहीतर उठेल ती थेट पलीकडे जाऊन पडेल.

काळी सपाट झोपली.
तिच्या पोटातून पेट्रोल गवतात ठिबकत होतं.
तीनदा टेकले, तीनदा बूट घसरले.
चौथ्यांदा तिच्या शेजारी बसूनच राहिले.

लालसर तिच्या रुंद गार्डवर अडली होती,
कोपरावर रेलून कुणी पेपर वाचावा तशी.
साठ पौंड जास्त, पण पूर्ण पडायचंच तिला माहीत नव्हतं.
पहिल्या दमात उठली.
मला आनंद झाला नाही. खोटं कशाला सांगू.

गॅसची टाकी भरायला आलेल्या कोल्बीने काळी उभी केली,
हातांनीच, बावीस वर्षांचा जोर.
कितीला देणार, विचारलं,
मग पैसे मोजता मोजता विचारलं,
यातली चांगली कुठली?
म्हटलं, उजवं-डावं करायचं तर आधी कशात ते ठरव.
ऐकायची असेल तर ही.
घरी पोचायचं असेल तर ती.
त्याला वाटलं, मी भाव वाढवते आहे.

आता दर गुरुवारी तो माझ्या फाटकावरून जातो.
मी भांडी घासत असते.
तो अडखळता ठेका टेकडीपलीकडे जाईपर्यंत
नळ बंद ठेवते.

परवा मात्र ठेका मध्येच तुटला.
टपालपेटीच्या वळणावर, खडीत,
काळी आडवी, आणि कोल्बी तिच्यासमोर वाकून
लालबुंद तोंडाने दोन्ही हातांनी ओढतोय.
मी ओल्या हातांनीच गेले.

पाठ कर तिच्याकडे, म्हटलं.
टेक. पाय रोव.
हँडल वळवून जवळ घे. तसं नाही, उलटं.
हं.
आता मागे न बघता
मागे चाल.